डाव्या अंगाची बास

परसराम,

तुझी तेरवी झाली आणि चौथ्या दिवशी ज्योती घरी आली. सुमनवहिनींच्या जुन्या साडीत गुंडाळून तिने तुझी-माझी पहिली बास गिटार आणली होती. दिवाणावर ठेवली, साडी सोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, मले हे वाजवायले शिकवा. पण उजव्या हातानं. माह्याकून डाव्यानं होत नाई."

मी लगेच हो म्हणालो. पोरीचा बाप गेलाय आणि ती बापाची आवड मागते आहे, तिथे नाही कोण म्हणेल? ती गेल्यावर मात्र डोक्यात उजेड पडला. ही बास उजवी करायची म्हणजे तू केलेलं सगळं उलटं करायचं. तारा काढायच्या, तारांखालचा नट काढायचा, खांद्याच्या पट्ट्याची गुंडी परत जुन्या जागी न्यायची. माझ्यासाठी तू जे जे केलंस ते एकेक करून पुसायचं. दोन दिवस पेचकस समोर ठेवून बसलो आणि एकही स्क्रू फिरवला नाही. तुझ्या कामाला तुला विचारल्याशिवाय हात लावायची माझी कधी छाती झाली नाही. म्हणून आधी हे लिहितोय. म्हटलं तर विचारतोय, म्हटलं तर सांगतोय.

तुला आठवतं का, आपली ओळख पोस्टाच्या काउंटरवर झाली? तू तेव्हा नवा नवा मास्तर, दिग्रसला बदलून आलेला. रांगेत उभा होतास. बाहेर कुणाच्या तरी दुकानात रेडिओ लागला होता आणि माझी बोटं काउंटरच्या लाकडावर ठेका धरून होती. डाव्या हाताची. तू तुझं काम सोडून त्या बोटांकडेच बघत राहिलास आणि म्हणालास, "साहेब, तुमचा डावा हात चांगला चालते." मी चोरी पकडल्यासारखा हात टेबलाखाली नेला. तू विचारलंस, "लपवता कायले?"

काय सांगणार होतो? आमच्या घरात डाव्या हाताची बातच निराळी होती. वडील तहसीलमध्ये, अक्षर मोत्यासारखं, आणि मुलगा डावरा निघाला हे त्यांना स्वतःच्या सहीवर शाई सांडल्यासारखं वाटायचं. लहानपणी माझ्या डाव्या मनगटाला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक खुर्चीला बांधत. मारत नसत, ओरडतही नसत, नुसतं बांधत. जेवणं उजव्याने, लिहिणं उजव्याने, प्रसाद उजव्याने. वर्षातून एकदा आजोबांच्या श्राद्धाला वडील जानवं उलट्या खांद्यावर घेत, अपसव्य करत, ते डाव्या बगलेखाली येई, तेवढाच काय तो डाव्या अंगाला मान. आमच्या घरात डावं फक्त मेलेल्यांसाठी होतं. मोठा झालो तर नोकरीही अशी लागली, की गिऱ्हाइकाला डाव्या हाताने पैसे दिले तर तो तोंड वाकडं करणार. हात बिचारा काउंटरवर ठेका धरण्यापुरता उरला होता, आणि तेवढ्यात तू रांगेत आलास.

आत्ता मध्येच पेन डाव्या हातात घेऊन बघितलं. दोन ओळींत बोटं दुखायला लागली. तुझं नाव तेवढं नीट उमटलं, बाकी कोंबडीने उकरल्यासारखं. परत उजव्या हातात घेतलंय.

तू यवतमाळला डीएड करताना गिटार शिकला होतास. दिग्रसमध्ये ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला जमवून चौकडी करायचं तुझं चाललं होतं आणि तुला बास वाजवणारा हवा होता. चार जाड तारा, मागे उभं राहून ठेका धरायचा, कुणी बघत नाही, टाळ्याही मिळत नाहीत. तू म्हणालास की हे काम पोस्टातल्या माणसाला शोभतं. आपण नागपूरला गेलो. दुकानदाराने बास माझ्या हातात दिली आणि तुझ्यादेखत माझ्या हातांनी ती आपोआप उलटी फिरवली. मान उजव्या हातात गेली, डावा हात तारांवर आला. दुकानदार हसला. म्हणाला, डावऱ्यांची बास वेगळी येते, सगळं उलटं असतं, पण ती इकडे कुणी ठेवत नाही, बाहेरून मागवावी लागेल आणि कधी येईल ते सांगता येत नाही. मी म्हणालो, राहू द्या, उजव्याने शिकतो. बाकी सगळं उजव्यानेच शिकलोय. तू परस्पर दुकानदाराला म्हणालास, हीच बांधून द्या, आम्ही फिरवून घेऊ.

परतीची बस दिग्रसच्या अलीकडे अडकली. त्या वर्षांतलं दिग्रस तू माझ्यापेक्षा जास्त ओळखायचास. कापसाची खरेदी बंद पडलेली, जिनिंगच्या फाटकापासून कापसाच्या बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत, माणसं गाडीखालीच चुली मांडून राहिलेली. आपण उतरून चालत निघालो. खांद्यावर नवी कोरी बास आणि दोन्ही बाजूंना भाव मिळेना म्हणून ताटकळलेली माणसं. मला एवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की मी ती बास अंगाआड धरून चालत होतो. तू मात्र प्रत्येकाला रामराम करत होतास. रांगेत मध्येच तुझ्या बापूंची, वडिलांची, गाडी होती. तुम्ही दोघं गोरमाटीत, तुमच्या बंजारा बोलीत, काहीतरी बोललात. मला त्यातलं एवढंच कळलं, की एक ट्रॅक्टर मागे घेताना चांद्या बैलाला लागला आणि त्याचं शिंग टोकाला मोडलं. बापूंनी ते टोक फडक्यात बांधून गाडीच्या धुऱ्याला अडकवलं होतं. चांद्याच्या शिंगाच्या बुडख्याला हळद लावलेली होती.

गाडी सोडलेली होती, जू खाली उतरवलेलं होतं, तरी बैल आपापल्या बाजूलाच बसले होते. चांद्या डावीकडे, दुसरा उजवीकडे. मी सहज विचारलं, असं का? तू मला जे सांगितलंस ते शब्द न शब्द लक्षात आहे.

"बैलालेबी अंग असते बे. चांद्या डाव्या अंगाचा होय. त्याले उजवीकून जुंपलं तं तो चालत नाई, पायात पाय अडकते. पण त्यावरून चांद्याले कोणी अडाणी म्हणत नाई. जुंपणाराले म्हणते."

मग बासकडे बोट दाखवलंस आणि म्हणालास, "तुले आजवर उल्ट्या अंगानं जुंपलं, एवढंच झालं."

परसराम, मी तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. तोवर मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी नुसतं चहा पिऊ म्हणालो. त्या दिवसाचे आभार मानायचे राहून गेले, ते आज मानतो.

मग ती बास फिरवायचा उद्योग. आधी आपल्याला वाटलं, तारांची अदलाबदल केली की झालं. तू जाड तार बारीकच्या जागी आणि बारीक जाडच्या जागी लावलीस आणि मोठ्या ऐटीत म्हणालास, वाजव. वाजवलं तर जाड तार नटाच्या खाचेत बसेना, वरच तरंगत होती, आणि बारीक तार रुंद खाचेत पडून झिणझिण करत होती. नट म्हणजे मानेच्या टोकाला असलेली बोटभर पट्टी, तारा तिच्या खाचांतून जातात, आणि त्या खाचा उजव्या हाताच्या हिशेबाने पाडलेल्या. तू म्हणालास, नवा नट करावा लागेल. आणि पुढच्या रविवारी तांड्यावर जाऊन बापूंकडून चांद्याचं ते शिंगाचं टोक घेऊन आलास.

तिकोनी कानस, पॉलिश पेपर आणि तू. शिंग घासलं की केस जळल्यासारखा वास सुटतो, वहिनींनी आपल्याला घराबाहेर काढलं. निंबाखाली खाट टाकून तू तो नट घडवलास. खाच थोडी पाडायची, तार बसवून बघायची, काढायची, पुन्हा कानस. मी घाई केली की म्हणायचास, जास्त कापलं तर परत चिकटवता येत नाही. मधेच कानस माझ्या हातात दिलीस, मी ती उजव्या हातात घेतली, तू काढून घेतलीस आणि डाव्या हातात दिलीस. शेवटची खाच मी पाडली आहे. ती जरा वाकडी आहे, आजही दिसते.

नट बसला, आवाज बसला, पण कटकट संपली नाही. बास उलटी धरल्यामुळे आवाजाची बटणं वरच्या अंगाला आली आणि माझ्या कोपराखाली सापडली. पहिल्याच कार्यक्रमात अर्ध्या गाण्यात कोपर लागून बटण फिरलं आणि मी बंद पडलो. बंद पडलोय हे मलाच कळलं नाही, जोरजोरात बोटं चालवत होतो. तू गिटार वाजवता वाजवता माझ्याकडे बघून हसू दाबत होतास. दुसऱ्या दिवशी सायकलच्या ट्यूबची चकती कापून बटणाखाली घातलीस, बटण घट्ट झालं. कंपनीवाल्यांना सुचलं नाही ते आपल्याला सुचलं, असं तू वर्षभर सगळ्यांना सांगत होतास.

पण तो पहिला हिवाळा वाईट गेला. बोटं ऐकेनात. ज्या हाताला इतकी वर्षं बांधून ठेवलं तो एकदम कसा ऐकणार? एका दुपारी मी बास खाटेवर ठेवली आणि म्हणालो, जुना नट लाव परत, उजव्याने शिकतो, माझ्याने हे होत नाही. तू पाणी पीत होतास. तांब्या खाली ठेवलास.

"जुना नट फेकला मी."

मी विचारलं, कुठे? म्हणालास, उकिरड्यावर, कधीचाच. "आता मांग जाता येत नाई. वाजव." मला तुझा खरंच राग आला. चांगली बास कायमची डावी करून बसला होता हा माणूस, विचारलंही नाही! त्या रागात मी चार दिवस तुझ्याशी बोललो नाही आणि चारही दिवस वाजवत राहिलो. पाचव्या दिवशी बोटं सुटली. म्हणजे तोवर सुटत आलीच असावीत, मला तेव्हा कळलं.

गणपतीतला तो आप्पांचा किस्सा आपण इतक्या वेळा सांगितलाय की खरं किती आणि मीठमसाला किती हे मलाच आठवत नाही. मंडळाचे आप्पा स्टेजच्या पायरीवर आडवे उभे राहिले. देवाचं पहिलं गाणं आहे, डाव्या हाताने वाजवू नका, म्हणाले. मी तर बास खांद्यावरून उतरवायला लागलो होतो. सवयच होती. तू पुढे झालास, हात जोडलेस आणि म्हणालास, "आप्पा, डावा हात नुस्ती तार हालवते. सूर कोणता लावाचा ते मानेवरचा उजवा हात ठरवते. देवाचं काम उजवाच करून राह्यला." आप्पांनी माझा उजवा हात बघितला, मानेवर बोटं ठेवायला लावून बघितली आणि बाजूला झाले. तुझ्या हिशेबाने तू स्वतः, सरळ गिटार वाजवणारा, जन्मभर देवाचे सूर डाव्या हाताने ठरवत होतास, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. गाणं संपेपर्यंत मला हसू आवरेना. लोकांना वाटलं मी भक्तीने डोलतोय.

सगळीच वर्षं हसण्याची नव्हती. कापसाची ती वाईट वर्षं लांबत गेली. कुठल्या गावात काय झालं ते रोज कानावर यायचं, कधी तुझ्या ओळखीतलं घर असायचं. आपण एक पूर्ण मोसम वाद्यांवरची खोळ काढली नव्हती. मीच म्हणालो होतो, हे शोभत नाही. मग तुझ्या याडीने, तुझ्या आईने, तुला विचारलं म्हणे की तुमचं वाजवणं ऐकू येत नाही ते, घरात कुणी आजारी आहे का? तू त्यानंतरचा सराव तांड्यावरच्या शाळेच्या ओट्यावर लावलास. मी घाबरतच आलो होतो. बायका कामं उरकून आल्या, म्हातारे आले, सगळे नुसते बसून राहिले. एक म्हातारी उठताना मला म्हणाली, हा जाड आवाज पोटात बसतो, बरं वाटतं. त्यानंतर मला कधी शोभत नाही असं वाटलं नाही. हे तुझं देणं. तू त्याला सराव म्हणायचास.

आता भांडणाकडे येतो. ते अर्धंच राहिलं आहे.

मला खरीखुरी डावऱ्याची बास हवी होती. जन्मापासून डावी, फिरवून केलेली नव्हे. हे मी काढलं की तू फणकारायचास. हिच्यात काय कमी आहे? माणूस वाजवतो का लाकूड वाजवतं? पोस्टातल्या माणसाला नखरे कशाला? वर्षानुवर्षं आपण यावर भांडलो. पुसदच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, तुझ्या शाळेच्या झेंडावंदनाला. सुमनवहिनी म्हणायच्या, तुम्ही दोघं सवतीसारखे त्या एका बासवरून भांडता.

आणि एक दिवस तू म्हणालास, वणीला शाळेचं काम आहे, चल सोबत. वणीला उतरून पुढे राजूरला नेलंस. खाणीच्या वसाहतीत, जिथे खिडकीच्या चौकटीवर बोट ठेवलं तर काळं होतं. तिथे खाणीतून निवृत्त झालेले एक दक्षिणेकडचे गृहस्थ राहायचे. प्रार्थनेच्या मंडळात बास वाजवत असत, आता बोटं धरत नव्हती, सामान बांधून गावी चालले होते. ते डावरे होते. दारामागे त्यांची बास होती. बटणं खाली, गुंडी जागेवर, सगळं माझ्या अंगाचं. तुला ती वणीच्या एका मास्तरकडून कळली होती आणि तू दोन वेळा येऊन बघूनही गेला होतास. मला एका शब्दाने सांगितलं नव्हतंस.

मी ती गळ्यात अडकवली. पहिल्यांदाच स्वतःच्या मापाची चप्पल पायात घातल्यासारखं झालं. ते गृहस्थ माझा डावा हात बघत राहिले आणि त्यांनी मान हलवली. आणि तू? तू चष्मा लावून तिच्यातल्या खोड्या काढत होतास. "मान वाकली आहे. नट प्लास्टिकचा, त्यालेबी जाड तारेपाशी चीर पडली. खुळखुळ करीन." परतीच्या बसमध्ये ती पोत्यात गुंडाळून तूच मांडीवर धरली होतीस, मला धरू दिली नाहीस.

जाड तार खरंच खुळखुळते. तू म्हणालास, शिंगाचं उरलेलं टोक शोधतो, हिलाही तसाच नट करू. ते टोक सापडलं नाही, मग शाळेच्या तपासण्या, मग बापू गेले, मग तुझा रक्तदाब. ते राहिलं ते राहिलंच. जुनी बास मी तुझ्या घरी आणून दिली आणि म्हणालो, आता ही सरळ करून घे, तू वाजव. तू ती भिंतीवर टांगलीस आणि तशीच ठेवलीस. मी आलो की मुद्दाम तिच्याकडे बघून म्हणायचास, हिचा आवाज भरदार होता. मी म्हणायचो, असेल, पण नवी माझ्या अंगाची आहे. यवतमाळच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हाही तू हेच काढलंस. नाकात नळी आणि तोंडात बास. "खुळखुळते नं अजून?" मी खोटं बोललो. म्हणालो, नाही, छान वाजते. तू डोळे मिटून हसलास. तुला माहीत होतं.

खरं सांगायचं तर आवाज जुनीचाच चांगला आहे. हे मी तुझ्या हयातीत कबूल केलं नाही, आणि केलं असतं तर तुला करमलं नसतं.

इथवर लिहिलं आणि उठलो. विचारून झालं होतं. तारा सैल केल्या, काढल्या. गुंडी जुन्या भोकात बसवली. नटापाशी हात थांबला. ज्योतीसाठी नवा नट कुठून आणायचा हा प्रश्न होताच. नागपूरला सांगावं लागणार. तोवर बटणं साफ करून घेऊ म्हणून ट्यूबची चकती काढली, कडक होऊन तुटली. मग आतल्या वायरी बघायला पाठीमागच्या झाकणाचे स्क्रू सोडले.

झाकणाच्या आतल्या अंगाला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली. तिच्याखाली काहीतरी उंचवटा. नखाने सोलली. जुना नट.

प्लास्टिकचा, पांढरा, कंपनीचा, जसाच्या तसा. कुठे ओरखडा नाही.

मी मोठ्याने हसलो. बायको आतून आली, तिला वाटलं काय झालं. तिला नट दाखवला, सगळं सांगितलं. उकिरड्यावर फेकला म्हणालास ना? मी रागावलो, चार दिवस बोललो नाही, तरी तू कबूल केलं नाहीस. परतीचा रस्ता माझ्या पोटाशीच होता, परसराम. इतकी वर्षं तो पोटाशी धरून मी वाजवत होतो आणि मला पत्ता नव्हता. मला मागे जाता येऊ नये म्हणून तू खोटं बोललास. आणि मागे जायची वेळ कुणावर तरी येईलच, म्हणून तो जपून ठेवलास. हे सगळं एकाच माणसाच्या पोटात कसं राहिलं?

चांद्याच्या शिंगाचा नट मी हलक्या हाताने काढला आणि ज्योतीसाठी तिथे जुना बसवला. राजूरच्या बासचा चिरलेला नट काढून तिथे लावून बघितला. केसभर मोठा होता. कानस घेतली, डाव्या हातात घेतली, थोडं घासलं, बसवून बघितला, पुन्हा काढला. घाई केली नाही. घरभर केस जळल्यासारखा वास सुटला आणि बायकोने मला अंगणात काढलं. जाड तार चढवली, पिळली, छेडली. खुळखुळ गेली. तुझं काम झालं, एवढं कळवायचं होतं.

रविवारी ज्योती आली. तिची बास सरळ झालेली बघून खूश झाली, मग नटावर बोट ठेवून म्हणाली, बाबा तर सांगायचे की जुना नट फेकला. मी म्हणालो, तुझा बाप फेकणाऱ्यातला नव्हता. ती समोर बसली, तू बसायचास तशी. ती उजवी, मी डावा, त्यामुळे समोरासमोर बसलं की आरशात बघितल्यासारखं होतं. माझी बोटं जिथे, तिथे तिने ठेवायची, बस. तिला शिकवणं सोपं जाणार आहे.

तिने जाड तारेवर बोट ठेवलं, आणि छेडायच्या आधी थांबून विचारलं, "काका, हात बरोबर आहे का?"

"ज्यानं वाजते तो बरोबर," मी म्हणालो. "वाजव."